नदीचे मूळ, जावयाचे कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. जावयाच्या कुळाबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही. त्या पळवाटेतून मी आत शिरलो आणि दोन वर्षं झाली, अजून बाहेर आलेलो नाही.

झालं ते असं. मुलगी मॉन्ट्रियलला असते. जावई तिथलाच, फ्रेंच बोलणारा, आडनाव देजार्दें. नातीला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितला. मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्हाला आता वेळच वेळ आहे. दोन्हीकडचं तुम्हीच करून टाका." आमच्या बाजूचं काम वीस मिनिटांत उरकलं. श्राद्धाला लागतात तेवढी नावं पाठ होती. त्याच्या वर "मूळ पुरुष कोकणातून आले" एवढं एक वाक्य, आणि त्याला पुरावा म्हणून काकांचा आवाज. मग जावयाच्या बाजूला हात घातला. तिथे साडेतीनशे वर्षांच्या नोंदी, तारीखवार, पाद्र्यांनी लिहिलेल्या, माझी वाट बघत बसल्यासारख्या.

तेव्हा माझ्यासारख्या इतर रिकाम्या सासऱ्यांसाठी हे मार्गदर्शन. ते पाळलं तर यश येईलच असं नाही, पण दुपारची झोप नक्की जाईल.

साहित्य फार लागत नाही. एक भिंग. एक वही, शंभर पानी घेऊ नका, फसाल. पेन्सिल आणि चांगला खोडरबर. पेनने लिहायचा आत्मविश्वास ज्यांना असतो ते या विद्येत फार काळ टिकत नाहीत. फ्रेंच येत नसेल तर अडत नाही. चार शब्द पाठ करा: बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि 'दी'. पहिले तीन आठवड्याभरात जमतात. चौथ्याला वर्ष लागतं, त्याच्याकडे नंतर येऊ.

पायरी पहिली: राजाचा नाद सोडा

प्रत्येक नवशिका पहिल्याच महिन्यात राजघराण्याशी सोयरीक जुळवतो. मीही जुळवली. जावयाच्या एका खापरखापर-पणजीच्या नावापुढे 'फीय द्यु रुआ' असा शेरा दिसला. शब्दकोश काढला: राजाची मुलगी. साल १६६८, म्हणजे राजा चौदावा लुई. रात्री अकराला मॉन्ट्रियलला फोन लावला, "अगं, व्हर्सायवाले आपले व्याही लागतात!"

लागत नाहीत. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत साधारण पावणेआठशे मुली राजाच्या खर्चाने जहाजात बसवून क्यूबेकला पाठवल्या, त्यांना हे नाव पडलं. राजाने तिकीट काढलं, थोडंफार आंदण दिलं, एवढाच त्याचा पितृधर्म. बऱ्याच जणी बापाविना पोरक्या होत्या, कित्येक पॅरिसच्या साल्पेत्रिएर नावाच्या अनाथगृहवजा आश्रमातल्या. गरज उघड होती. इंतांदां, म्हणजे वसाहतीचा दिवाण, जाँ तालों याने १६६६ साली शिरगणती केली तेव्हा सगळ्या न्यू फ्रान्समध्ये मिळून ३,२१५ माणसं भरली. त्यांत पुरुष २,०३४ आणि बायका १,१८१. शिपाई त्यात मोजलेच नव्हते. हे आकडे बघून कुठल्याही वधूवर सूचक मंडळाने हात जोडले असते.

नवशिक्याचा अगदीच हिरमोड होऊ नये म्हणून सांगतो, या पावणेआठशेंत कात्रीन द बायों नावाची एक खरंच खानदानी निघाली. तिची वंशावळ अभ्यासकांनी पार सम्राट शार्लमेनपर्यंत नेली आहे. १६६९ साली तिने जाक मिव्हिल दी देशेन याच्याशी लग्न केलं आणि क्यूबेकमधल्या असंख्य घरांची मान ताठ करून ठेवली. आमच्या झाडात ती नाही. मी तीनदा पाहिलं.

पायरी दुसरी: लग्नाला जा

आपली सवय जन्मतारखेपासून सुरू करायची. इथे ती सोडा. क्यूबेकमध्ये वंशावळ चढायची ती लग्नालग्नाने, जिन्याची एकेक पायरी चढावी तशी. कारण लग्नाच्या नोंदीत पाद्री काय काय लिहितो पाहा: नवरा कुणाचा मुलगा, त्याच्या आईचं माहेरचं नाव काय, नवरी कुणाची मुलगी, तिच्या आईचं माहेरचं नाव काय, कुठल्या गावचे, चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा झाली की नाही, साक्षीला कोण होतं. शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की वधूवरांनी सही येत नसल्याचं सांगितलं. एक लग्न सापडलं की चार आईबाप हाती येतात. मग त्या दोन जोडप्यांची लग्नं शोधायची. असं करत करत बोटीपर्यंत पोचायचं.

या नोंदी टिकल्या कशा, याचं मला फार नवल वाटतं. फ्रान्सच्या राजाचा नियम असा की रजिस्टरच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चर्चमध्ये, एक कोर्टात. एकीला वाळवी तर दुसरी शाबूत. हा नियम नीट लागू व्हायच्या आधी, १६४० च्या जूनमध्ये, क्यूबेकचं देऊळ जळालं आणि सुरुवातीची रजिस्टरं खाक झाली. ती नंतर आठवणीतून पुन्हा लिहून काढली. आठवणीतून! आमच्या सोसायटीला गेल्या सभेचं इतिवृत्त आठवणीतून लिहिता येत नाही. पुढे इंग्रज आले, राज्य बदललं, तरी चर्चचं रजिस्टर हेच सरकारी रजिस्टर राहिलं, ते थेट १९९३ च्या अखेरपर्यंत. १९४० च्या दशकात द्रुएँ नावाच्या संस्थेने ही रजिस्टरं मायक्रोफिल्मवर उतरवून घेतली, आणि म्हणून आज घरबसल्या माझ्यासारख्याचे डोळे जातात.

तयार मसालाही मिळतो. आबे सिप्रियें ताँगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश काढला. नवशिका त्याला वेद मानतो. तो वेद नाही. एका माणसाने एका आयुष्यात केलेलं अचाट काम आहे आणि त्यात एका माणसाच्या चुकाही आहेत. १९८३ साली रने जेतेचा कोश आला, १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा, त्याने पुष्कळ साफसफाई केली. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून याच नोंदींवर एक मोठा लोकसंख्या-प्रकल्प चालू आहे. सगळं वापरा, पण मूळ नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत पेन लावू नका. (पेन घेतलंच नाहीये ना?)

पायरी तिसरी: सगळे जोझेफ, सगळ्या मारी

आता भिंग काढा. एक बाप्तिस्म्याची नोंद समोर ठेवतो. शाई तपकिरी पडलेली, कोपऱ्याला पाण्याचा डाग, पाद्र्याला कागद वाचवायची हौस. मजकूर असा असतो: आज अमुक तारखेला, खाली सही करणाऱ्या मी, काल रात्री जन्मलेल्या व अमुक-तमुकांच्या कायदेशीर विवाहातून झालेल्या मारी जोझेफ्त आंजेलिक हिला बाप्तिस्मा दिला, धर्मपिता अमुक, धर्ममाता तमुक.

नवशिका खूश होतो: भारदस्त नाव, लगेच सापडेल. सापडत नाही. कारण पुढे पुढे तर प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी आणि प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोझेफ लागायलाच लागलं. ते देवाघरचं भाडं समजा. मधलं नाव बरेचदा धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. म्हणजे ही मुलगी घरात आंजेलिक. लग्नाच्या नोंदीत मात्र ती मारी असेल, पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला जोझेफ्त, आणि दफनाच्या वेळी पाद्र्याला जे ऐकू आलं ते.

मुलग्यांत जाँ-बातिस्त इतके की एखाद्या गावात या नावाने हाक मारली असती तर चर्च रिकामं झालं असतं. आणखी एक खड्डा सांगतो, मी त्यात पडलो होतो. बाळ गेलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायची रीत होती. मला एक पिएर सापडला, जन्मसाल अचूक, आईबाप अचूक. मी त्याचं लग्न लावलं, त्याला नऊ मुलं दिली, वहीत तीन पानं भरली. मग दफनाच्या रजिस्टरात तोच पिएर दिसला, वय अकरा दिवस. ज्याचं लग्न झालं तो दोन वर्षांनी जन्मलेला दुसरा पिएर. खोडरबर त्या दिवशी अर्धा झाला. पण अकरा दिवसांच्या पिएरला मी वहीतून काढलं नाही; समासात ठेवला आहे.

काही नोंदींत नावच नसतं. बाळ जगेलसं दिसलं नाही की सुईणीनेच घरी घाईघाईने पाणी शिंपडून बाप्तिस्मा उरकायचा, अशी मुभा होती. तशा नोंदीपाशी रेंगाळू नका, पान उलटा.

पायरी चौथी: 'दी' म्हणजे ऊर्फ

इथे मार्गदर्शकाचं मानधन वसूल होतं.

जावयाच्या देजार्दें घराण्याचा माग काढत मी अठराव्या शतकात उतरलो आणि वाट संपली. देजार्दें नाहीतच. ज्या पानावर असायला हवेत तिथे भलताच माणूस बसलेला, आणि त्याचं आडनाव रॉय. मी मुलीला म्हणालो, "तुझं सासर बंगाली निघालं." ती म्हणाली, "बाबा, ते र्‍वा असं म्हणतात. म्हणजे राजा." राजा पुन्हा आडवा आला. पण नीट पाहिलं तेव्हा त्या नावापुढे तीन अक्षरी फ्रेंच शब्द होता, उच्चार दी, आणि त्यापुढे देजार्दें. र्‍वा दी देजार्दें. र्‍वा, ज्याला देजार्दें म्हणतात तो.

इतर भाषांतले नवशिके या एका शब्दावर पुस्तकं लिहितात. आपल्याला एक शब्द पुरतो: ऊर्फ.

ही ऊर्फांची लागण बरीचशी फौजेतून आली. फ्रेंच पलटणीत शिपायाला टोपणनाव द्यायची रीत होती. एका कंपनीत पाच जाँ असले तर हजेरी कशी घ्यायची? १६६५ मध्ये कारिन्यान-साल्येर ही पलटण, साधारण बाराशे शिपाई, इरोक्वा या तिथल्या मूळ रहिवाशांशी लढायला आली. त्यातले चारेकशे इथेच राहिले आणि आपली टोपणनावं घेऊनच शेतीला लागले. नावं काय एकेक! लाफ्लर म्हणजे फूल. लातुलिप, ट्यूलिप. सांसुसी, बिनघोर. जोलीकर, गोडमनाचा. वादबोंकर, खुशाल मनाने जा. त्रांशमोंतान्य, डोंगर कापणारा. वाघमारे आणि दहातोंडे ज्यांच्या शेजारी राहतात त्या आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. बिनफौजींनाही ऊर्फ लागायचे: कुणाला प्रांतावरून, जसा पिकार्दीचा तो पिकार, कुणाला शेतावरून, कुणाला बापाच्या नुसत्या नावावरून.

गंमत पुढे आहे. ऊर्फ वारशाने मिळतो, पण घेतलाच पाहिजे असं नाही. एका बापाचे तीन मुलगे असतील तर थोरला मूळ आडनाव चालवील, मधला ऊर्फ उचलील, धाकटा दोन्ही लावील आणि म्हातारपणी एक टाकून देईल. सख्खे भाऊ, तीन आडनावं. उलट गावात पाच र्‍वा असतील तर त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसेल.

तर आमचे मूळ पुरुष. आंत्वान र्‍वा दी देजार्दें. गाव फ्रान्समधलं ज्वान्यी, धंदा पिंपं बनवण्याचा, त्याच पलटणीतून आलेला. १६६८ साली क्यूबेकला मारी माजोर नावाच्या 'राजाच्या मुली'शी लग्न. एक मुलगा, पिएर. इथपर्यंत नातीच्या शाळेत लावता येईल असा मजकूर. १६८४ साली लाशीन इथे ज्युलियें तालुआ दी वांदामों नावाच्या गृहस्थाने आपल्या बायकोबरोबर आंत्वानला पकडलं आणि तिथेच ठार केलं. मारणाऱ्यालाही ऊर्फ आहे, बघा. वंशवृक्षात मी "लाशीन येथे निधन" असं लिहिलं. मार्गदर्शक म्हणून सल्ला: पूर्वजांच्या बाबतीत तारीख आणि ठिकाण अचूक द्यावं, कारण विचारल्याशिवाय सांगू नये.

जे लोक पुढे सरहद्द ओलांडून गेले त्यांचं तर विचारूच नका. १८४० ते १९३० या काळात नऊएक लाख लोक क्यूबेकमधून अमेरिकेत गेले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत. तिथे ब्वावेरचा ग्रीनवुड झाला, र्‍वाचा किंग, आणि कूर्तमांश या चांगल्या घराण्याचं शब्दशः भाषांतर होऊन शॉर्टस्लीव्ह, म्हणजे तोकड्या बाह्यांचे. याच गिरणगावांतल्या एका घरातला जॅक केरुआक, प्रसिद्ध लेखक, १९६५ मध्ये आपला मूळ पुरुष शोधायला पॅरिस आणि ब्रिटनीला गेला. हात हलवत परत आला आणि त्या फजितीवर पुस्तक लिहून मोकळा झाला. तो वारल्यावर तीसेक वर्षांनी अभ्यासकांना उलगडा झाला: मूळ पुरुष एका नोटरीचा मुलगा, चोरीचा आळ आला म्हणून गाव सोडलेला, आणि इकडे येऊन वेगळंच नाव लावून राहिलेला. बिचारा केरुआक अशा नावाने शोधत होता, जे त्या माणसाने पळताना अंगावर चढवलं होतं.

पायरी पाचवी: पुरुषांना सोडा, बायकांच्या मागे जा

हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नका.

वर्षभर मी पुरुषांच्या आडनावांमागे धावत होतो. ती अंगरख्यासारखी बदलतात. मग एका दुपारी लक्षात आलं की मारी माजोर कुठेही गेलेली नाही. लग्नात मारी माजोर, मुलाच्या लग्नाच्या नोंदीत आई म्हणून मारी माजोर. नवऱ्याच्या आडनावात ती कधी शिरलीच नाही. तिच्या सुनेचं, नातसुनेचंही तसंच. न्यू फ्रान्सच्या रजिस्टरांत आणि नोटरींच्या कागदांत बाई जन्मापासून कबरीपर्यंत बापाचंच आडनाव लावते. विधवा झाली, दुसरं लग्न केलं, तिसरं केलं, तरी तेच. नवरा र्‍वा की देजार्दें याचा घोळ पडला तर बायको कोण ते बघा. तीच बायको, तोच नवरा. ही एक किल्ली मिळाल्यावर सहा पिढ्या मी तीन आठवड्यांत चढलो.

क्यूबेकमध्ये १९८१ पासून कायदाच आहे की लग्नानंतरही बाईने जन्माचंच नाव वापरायचं. मुलीचं लग्न झालं तेव्हा आमच्या हिने पत्रिकेवर 'सौ.' करून देजार्दें छापून घेतलं होतं. पत्रिका अजून कपाटात आहेत. मुलगी माझ्याच आडनावाची आहे.

पायरी सहावी: सगळे एकमेकांचे कोण लागतात

आकडे द्यायची एक सोपी पद्धत आहे. ज्याचा वृक्ष तो १, त्याचा बाप २, आई ३. पुढे कुणाचाही बाप म्हणजे त्याच्या आकड्याची दुप्पट, आई म्हणजे त्यात आणखी एक. पुरुष सम, बायका विषम. मी ६, आमची ही ७. यावर घरात चर्चा झाली.

पण क्यूबेकमध्ये दहाव्या-बाराव्या पिढीला एकेका माणसाला चार-चार आकडे पडायला लागतात. झाकारी क्लुतिये नावाचा सुतार १६३४ मध्ये पेर्श प्रांतातल्या मोर्तान्यहून आला. त्याला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. १८०० सालापर्यंत त्याच्या वंशजांत लग्न झालेलेच १०,८५० जण मोजले गेले आहेत. त्रांब्ले हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, आणि ते सगळे १६५७ साली लग्न झालेल्या एकाच जोडप्याचे, पिएर त्रांब्ले आणि ओझान आशों यांचे. त्यामुळे लग्नाच्या नोंदीत 'चौथ्या पायरीच्या नात्यासाठी सवलत दिली' अशी ओळ दिसली तर घाबरू नका. भाऊबंदांत लग्न करायला चर्चची परवानगी लागायची, ती मिळाल्याची ती पावती आहे. वंशावळवाल्याला ती लॉटरीसारखी: दोघांचा पूर्वज एकच आहे, हे पाद्र्यानेच सांगून टाकलं. क्लुतिये आमच्या झाडात पाच ठिकाणी आहे. पाचही ठिकाणी मी छोटी कुऱ्हाड काढली आहे.

जावयाची बाजू अशी पूर्ण झाली: अकरा पिढ्या, एकही चौकट रिकामी नाही. नातीने व्हिडिओवर सगळं बघितलं आणि विचारलं, "आजोबा, आपल्या बाजूला ४९ नंबर रिकामा का?"

४९ म्हणजे माझी पणजी. श्राद्धाला तिचं नाव रमा घेतो. पण नातीच्या शाळेच्या कागदावर रकाना होता जन्माच्या नावाचा, आडनावासकट, आणि रमा हे तर लग्नात तांदळात लिहिलेलं. मारी माजोरचा बाप मला ठाऊक, रमाचा नाही. नाशिकला आत्याला फोन लावला. ती अठ्ठ्याऐंशीची, कान अजून तिखट.

"आजीचं माहेरचं नाव? अरे, आजीचं कुणी नाव घेतं का? घरात सगळे तिला मोठी काकू म्हणायचे."

"आडनाव तरी?"

"ते कोण विचारणार? सांगलीकडची होती."

नात ऐकत होती. तिने रकान्यात फ्रेंच वळणाने एकेक अक्षर काढत लिहिलं: रमा दीत सांगलीकडची. 'दी'चं स्त्रीलिंग तिने बरोबर केलं होतं.